चिमाजीबाबांचे सतरा दोर

चिमाजीबाबा झाडावर चढण्याआधी झाडाला पाठ टेकून उभे राहायचे. पाच मिनिटं, कधी दहा. डोळे मिटलेले, दोन्ही तळवे मागं खोडावर. बघणाऱ्याला वाटावं, माणूस उभ्या उभ्या झोपला. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच, आणि खरं सांगायचं तर माझं त्यांच्याविषयी पहिलं मत काही चांगलं झालं नाही.

तेव्हा मी वीज खात्यात नवा वायरमन होतो. घर कळंबचं, शेतकऱ्याचं. नेमणूक मिळाली ती जुन्नरच्या पश्चिमेला, आपटाळ्याच्याही पुढच्या डोंगरी वाड्यांवर. पावसाळ्याआधी तारांना टेकणाऱ्या फांद्या छाटाव्या लागत आणि त्यासाठी झाडावर चढणारा माणूस रोजावर घेतला जाई. त्या दिवशी तीन तासांसाठी लाइन बंद केली होती. त्यातला एक तास साहेबांची जीप पंक्चर होण्यात गेला होता. साहेब घामाघूम, मी उन्हानं वैतागलेला, आणि हा पन्नाशीचा हडकुळा माणूस आंब्याला पाठ लावून निवांत उभा.

"अहो, फांद्या छाटायच्यात, झाडाशी सोयरीक नाही जमवायची!" साहेब ओरडले.

चिमाजीबाबांनी डोळे उघडले. "वर वारं हाय, साहेब. डोळ्याला दिसत न्हाई, पाठीला कळतं. आन् ती डावी फांदी आतनं पोकळ हाय. तिच्यावर पाय द्यायचा न्हाई. उजवीकडनं जातो."

गेले ते उजवीकडूनच. कमरेला लाकडी आकडा, त्यात कोयता अडकवलेला, आणि खांद्यावर दोन दोर, एक लांब, एक आखूड. लांब दोर वरच्या बेचक्यात टाकायचा, आखूड दोर हाताशी. जागा बदलताना आधी एक बांधायचा, मगच दुसरा सोडायचा. झाडावर हा माणूस एक क्षणही मोकळा नसायचा. संध्याकाळी साहेबांनी मुद्दाम ती डावी फांदी खालून तोडायला लावली. आतून नळीसारखी पोकळ निघाली आणि मुंग्यांची रांगच्या रांग बाहेर पडली.

त्या दुपारी भाकरी खाताना चिमाजीबाबा मला म्हणाले, "वायरमन, तुमाला सरकार पट्टा देतं म्हणत्यात. खांबावर बांधून घ्यायचा. खरं का?"

"देतं की."

"मंग कुठंय?"

"ऑफिसात. खुंटीला लावलाय."

"आसं व्हय," ते गंभीरपणे म्हणाले, "खुंटी पडन म्हून भ्या वाटत आसंल."

सगळे हसले, साहेब सगळ्यांत जास्त. मला भयंकर राग आला. मी आयटीआय झालेला माणूस, फांद्या तोडणाऱ्यानं मला शिकवावं? पट्टा न बांधणं ही आमच्याकडे मर्दुमकी होती. जुने वायरमन पट्टा घालणाऱ्याला "नवरीबाई नटली" म्हणायचे. मी पहिल्या महिन्यात दोनदा नटायला गेलो, दोन्ही वेळा चढण्याआधीच हसं झालं, मग लाजेनं पट्टा खुंटीला गेला तो गेलाच.

राग मात्र टिकला नाही, कारण काम सारखं त्यांच्याशीच पडायचं आणि त्यांच्या घरचा चहा चांगला असायचा. चुलीपुढं बसून यमुनामावशी नवऱ्याची गाऱ्हाणी सांगायच्या. मोठं गाऱ्हाणं दोराचं. चिमाजीबाबा आपले दोर स्वतः वळत, घायपाताचे. वापरून झाल्यावर तो दोर डोळे मिटून बोटांतून ओढत राहायचे. कुठं एक पीळ सैल लागला की तिथंच थांबायचे. आणि दर शिमग्याला, दोर कितीही चांगला दिसो, होळीत टाकायचे.

"धडधाकट दोर जाळत्यात," मावशी म्हणायच्या. "वासरू बांधाया तरी ठेवा म्हणलं, तर न्हाई."

"घरात ऱ्हायला तर एखाद दिशी घाईत मीच उचलीन," बाबांचं उत्तर ठरलेलं. "वासरू सुटलं तर गावात सापडतं. मी सुटलो तर कुठं हुडकशीला?"

दुसरं गाऱ्हाणं जावयाचं. हा जावई म्हणजे भाताचं तूस आणि दगड भरलेलं एक पोतं, माणसाच्या वजनाचं. नवा दोर वळला की बाबा त्या पोत्याला दोर बांधून परसातल्या जांभळाच्या फांदीवरून ढकलून द्यायचे. दोर तुटतो का, गाठ सरकते का, पोतं कुठं फाटतं, हे बघायचे. कमरेला एकच फेरा दिला तर पोतं मधोमध दुमडतं, हे त्यांनी असंच शोधून काढलं होतं. "दोर वाचवल, पर कणा मोडल," म्हणून ते दोर दोन्ही मांड्यांतूनही घेत. आणि बांधायचा तो नेहमी डोक्याच्या वर, पायाच्या पातळीला कधी नाही. मावशींना मात्र पाहुण्यांसमोर लाज वाटायची. "आमचा जावई वर्सातनं एकदा येतो, झाडावर बसतो आन् धाडकन पडतो," असं त्या कपाळाला हात लावून सांगायच्या.

एकदा ते वर असताना मी खालून हाक मारली, "चिमाजीबाबा, चहा आलाय!" ते शांतपणे खाली उतरले, दोर सोडले, आणि मग मला असे झाडले की चहा घशाखाली उतरेना. झाडावरच्या माणसाला नावानं हाक मारायची नाही, ही त्यांच्या वाडीची जुनी रीत. काही सांगायचं असेल तर खोडावर दगडानं दोनदा ठोकायचं आणि थांबायचं. "हाक आली की मान वळती. मान वळली की पाय इसरतो. तुमाला काय, च्या थंड व्हत व्हता!" त्यानंतर मी आयुष्यात कुणाला उंचावर हाक मारलेली नाही. गच्चीवर वाळवण घालणाऱ्या बायकोलासुद्धा मी जिना चढून जाऊन सांगतो. ती मला वेडा म्हणते.

पण त्यांचं खरं दुखणं होतं हिरड्याचं. त्या बाजूला चैत्र लागला की हिरड्याचा हंगाम सुरू होतो. कोवळा हिरडा झाडावर चढून झोडायचा, खाली बायकांनी वेचायचा, उन्हात वाळवायचा. वाडीचं वर्ष त्यावर चालायचं. हिरड्याचं झाड उंच, फांद्या बारीक, आणि हाती काठी घेऊन शेंड्याकडं सरकावं लागतं. दर दोन-चार वर्षांनी पंचक्रोशीत कुणीतरी पडायचं. चिमाजीबाबांचा धाकटा भाऊ कान्हू असाच पडला होता. तेव्हा तिथं रस्ता नव्हता. घोंगडीची झोळी करून, बांबूला लावून जुन्नरच्या दवाखान्याकडं निघाले. आपटाळ्याच्या अलीकडंच तो गेला. मागं राहिली त्याची बायको पारूबाई. तेव्हापासून चिमाजीबाबा बांधून चढू लागले.

आणि वाडी त्यांना हसू लागली. दाव्याला बांधतात ते ढोराला, गड्याला नाही, हा तिथला सरळ हिशेब. "यमुनीनं नवरा दावणीला बांधलाय," असं लोक तोंडावर म्हणायचे. पंधरा वर्षं हा माणूस एकटाच बांधून चढत होता. त्यांचा मुलगा मारुती, अठ्ठावीस वर्षांचा, वाडीतला सगळ्यांत तरबेज चढणारा, तोसुद्धा बापाच्या दोराला हात लावायचा नाही. बाबा मला एकदा म्हणाले, "पावणं, ह्यो पोरगा शेंड्यावर असला ना, की माजा डोळा खाली उतरत न्हाई. जेवान जात न्हाई हंगामभर." मी तेव्हा बिनपट्ट्याचाच खांबावर चढत होतो, तरीही मान हलवून मोठ्या माणसासारखं "खरंय" म्हणालो.

वाडीत एक रीत होती. हंगामाच्या पहिल्या दिवशी देवळापुढच्या हिरड्याला नारळ फोडायचा आणि चढणाऱ्यांत जो वडील असेल त्यानं आधी चढून पहिली फांदी झोडायची. ते हिरडे देवापुढं ठेवले की मग ज्याचं त्यानं आपापल्या झाडाला लागायचं. तोवर कुणी झाडाला शिवायचं नाही. एका वर्षी आधीच्या म्हाताऱ्याचे गुडघे गेले आणि तो मान चिमाजीबाबांकडं आला. ते बहुतेक याचीच वाट बघत होते. कारण नारळ फुटल्यावर ते घरात गेले आणि दोरांचा भारा घेऊन आले. हिवाळाभर वळलेले सतरा दोर. वाडीत चढणारे गडी सतरा.

"सगळे बांधून घेणार आसताल तर मी चढतो," ते म्हणाले आणि झाडाखाली बसले.

मी तिथं पोचलो तो चौथ्या दिवशी, डीपीचा फ्यूज उडाला म्हणून. सगळी वाडी देवळापुढं हातावर हात ठेवून बसलेली. शेजारच्या वाड्यांवर झोडणी जोरात चाललेली ऐकू येत होती. कोवळा हिरडा दिवसागणिक निबर होतो, मग त्याला कोण विचारतं! बायकांनी चिमाजीबाबांना शिव्या देऊन झाल्या होत्या, म्हाताऱ्यांनी देवाचा धाक घालून झाला होता. यमुनामावशींनी तीन दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं, पण भाकरी मात्र झाडाखाली आणून ठेवत होत्या.

"आमी काय ढोरं हाय का?" मारुती उभ्यानं ओरडत होता. "आजवर कोन बांधून चढलं? तुमी एकलंच भिता."

"व्हय, भितो," बाबा म्हणाले. "भितो म्हून चाळीस वर्सं चढतोय."

तेवढ्यात मारुतीचं लक्ष माझ्याकडं गेलं. "ह्ये वायरमन बघा! शिकल्यालं हायती, सरकारनं पट्टा दिलाय. कवा कुणी बांधल्यालं बगितलंय का त्यांना? इचारा की!"

सगळी वाडी माझ्याकडं वळली. चिमाजीबाबाही. त्यांच्या नजरेत राग नव्हता, तेच मला लागलं. चार दिवस एकटा सगळ्या गावाशी भांडणारा माणूस, आणि त्याच्याविरुद्धचा सगळ्यांत मोठा पुरावा मी निघालो होतो. फ्यूज बसवला आणि मोटारसायकलला किक मारून मी पळालो. दुसरा शब्द नाही, पळालोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुंटीवरचा पट्टा काढला आणि परत वाडीवर गेलो. कुणी सांगितलं नव्हतं. डीपीवरून लाइन बंद केली आणि देवळाशेजारच्या खांबाखाली सगळ्यांसमोर पट्टा बांधू लागलो. चिमाजीबाबा उठून आले. माझ्या हातातून पट्टा घेतला, डोळे मिटून बोटांतून ओढला आणि कडीपाशी थांबले. उंदरानं अर्धा कुरतडला होता.

"ह्यो तुमाला मारंल," ते म्हणाले.

हशा असा पिकला की देवळातली कबुतरं उडाली. माझे कान तापले. बाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी भाऱ्यातला एक दोर काढला, माझ्या मांड्यांतून, कमरेवरून घेतला, दोनदा ओढून पाहिला, डोक्याच्या वर कसा टाकायचा ते सांगितलं. मी चढलो. वर गेल्यावर दोर टाकला, बांधला आणि मागं रेललो. चार वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा खांबावर माझे दोन्ही हात मोकळे होते. एरवी एका हातानं खांबाला मिठी आणि दुसऱ्यानं काम, ही आमची पद्धत. मला इतकं नवल वाटलं की मी वरून ओरडलो, "मारुती, अरे दोन्ही हात मोकळे राहतात!"

"खाली उतरा, गोठ्यात जागा हाय!" कुणीतरी ओरडलं, आणि पुन्हा हशा. मी उतरलो. काही फरक पडला नव्हता. मी फक्त आणखी एक दावणीचा झालो होतो.

तेव्हा पारूबाई उठल्या. या बाईला मी कधी पुरुषांच्या बैठकीत बोलताना ऐकलं नव्हतं. हिरडे वेचायच्या, वाळवायच्या आणि घरी जायच्या. त्यांनी भाऱ्यातला एक दोर उचलला आणि पुतण्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मारुती, तुज्या चुलत्याला मेल्यावर झोळीतनं माघारी आणला, तवा चढ लई व्हता. झोळीतनं घसराया लागला. मंग त्याला दोरानं बांधला. छातीला, पायाला, बांबूसकट. समद्या वाडीनं गाठी मारल्या." त्या बसलेल्या गड्यांकडं वळल्या. "तवा कुणाला लाज वाटली न्हाई. मेलेला बांधला तर चालतो तुमाला. जिता बांधाया लाज वाटती."

मी चिमाजीबाबांकडं पाहिलं. ते जमिनीकडं बघत होते. त्या झोळीची एक गाठ त्यांनीही मारली असणार, आणि पंधरा वर्षांत त्यांना हे कधी तोंडातून काढता आलं नव्हतं.

मारुतीनं दोर घेतला. त्याला बांधता येत नव्हता. बापानं पुढं होऊन बांधून दिला. मग एकेक जण येत गेला. काही तोंड वाकडं करून, काही खाली मान घालून. शेवटच्या गड्याची गाठ तपासल्यावर चिमाजीबाबा झाडाला पाठ टेकून उभे राहिले, नेहमीसारखे, आणि या वेळी त्यांना घाई करायला कुणी सांगितलं नाही.

यानंतर सगळं सुतासारखं सरळ झालं असं मी सांगणार नाही. बाबांची पाठ वळली की चार-सहा जण दोर सोडायचे. मग हा माणूस हंगामभर झाडाझाडाखाली हिंडायचा, खोडावर दोनदा ठोकायचा, वर बघायचा. दोर दिसला नाही तर तिथंच बसून राहायचा, वरचा गडी शरमून बांधेपर्यंत. मीही माझ्या परीनं नेट धरला. नव्या पट्ट्यासाठी अर्ज केला, तो हरवला. दुसरा केला, त्याला उत्तर नाही. तिसरा घेऊन साहेबांच्या टेबलापुढं उभाच राहिलो. पट्टा मिळाला. सोबती मला "नवरीबाई" म्हणू लागले आणि मी म्हणू दिलं. पुढं माझी बदली पिंपरी पेंढारला झाली. तिथंही हाताखालच्या पोरांना पट्ट्याशिवाय खांबाला हात लावू दिला नाही. त्यांनी मला मागं काय काय नावं ठेवली असतील, देव जाणे.

आणि वाडीत काय झालं? काहीच नाही. त्या हंगामापासून तिथं कुणी पडलं नाही. पडलेल्या माणसाची गोष्ट दहा गावं सांगतात. न पडलेल्याची काय सांगणार? म्हणून चिमाजीबाबांचं नाव कुठं झालं नाही. हे मी लिहितोय त्याचं कारणही तेच आहे.

बऱ्याच वर्षांनी, भात पोटरीला आलेलं असताना, मारुतीचा निरोप आला: बाबांनी अंथरूण धरलंय, भेटून जा. मोबाइल एव्हाना आमच्याकडंही आले होते. मी गेलो. पडवीत खाटेवर ते होते; मुळात हडकुळे, आता तर गोधडीखाली कुणी आहे की नाही कळू नये. मारुती पायथ्याशी बसून त्यांचे पाय चोळत होता. त्याचेही केस पांढरे व्हायला लागले होते. जुन्नरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हृदय थकलंय, आता घरीच राहू द्या.

अशा वेळी माणूस बोलतो तेच मी बोललो, "बाबा, काळजी करू नका, बरे व्हाल."

"कशापायी बरा होऊ?" ते म्हणाले. आवाज बारीक, पण चेहऱ्यावर चक्क खुशी. "पावणं, माजा आजा आंब्यावरनं गेला. बाप हिरड्यावरनं. कान्हू तर तुमाला म्हाईतच हाय. आमच्या घरात खाटंवर मरणारा मी पयला."

घरातला पहिला मॅट्रिक झालेला मुलगा निकाल सांगतो तसं त्यांनी ते सांगितलं. मला रडावं की हसावं कळेना. मी दोन्ही केलं. चौथ्या दिवशी ते गेले. पण त्या दुपारी मात्र त्यांना आणखी ऐकायचं होतं, कारण ते मान वर करून लेकाकडं बघत राहिले.

मारुतीचे हात थांबले. तो म्हणाला, "दुसरा मी, बाबा."

"घाई न्हाई," चिमाजीबाबा म्हणाले.